अनामिक जुना गुलाब सापडला, तर आधी काडी घ्या, नाव मागाहून शोधा

पडक्या घराच्या कुंपणात, दफनभूमीच्या भिंतीलगत, बंद पडलेल्या रोपवाटिकेच्या कोपऱ्यात कधी कधी एखादा गुलाब उभा असतो. त्याला कुणी पाणी घालत नाही, कुणी छाटत नाही, तरी हंगाम आला की तो फुलतो. फूल हल्लीच्या गुलाबासारखं नसतं. पाकळ्या खच्चून भरलेल्या, मधे चार कप्पे पडल्यासारखा आकार, आणि वास असा की चार पावलं मागे फिरावं लागतं. बघणारा पहिला प्रश्न विचारतो, हा कोणता?

हा प्रश्न थोडा मागे ठेवा. नाव शोधायला दहा वर्षं लागली तरी काही बिघडत नाही; कुंपण पाडायला मात्र एक सकाळ पुरते. म्हणून या लेखात काडी, म्हणजे फांदीचा कापलेला तुकडा, रुजवण्याचा भाग मोठा आहे आणि नाव शोधण्याचा त्यामानाने लहान.

"जुना" म्हणजे किती जुना? गुलाबवाल्यांनी १८६७ ही रेघ धरली आहे. त्या वर्षी फ्रान्समधल्या गियो यांचा 'ला फ्रान्स' हा गुलाब आला आणि तो पहिला हायब्रीड टी, म्हणजे हल्लीच्या टोकदार कळीच्या गुलाबांच्या गटातला पहिला, मानला जातो. त्याआधी जे गट अस्तित्वात होते (चायना, गॅलिका, डमास्क वगैरे; त्यांच्या खुणा लेखाच्या शेवटाकडे आहेत) ते सगळे जुने. म्हणजे एखादं वाण १९०५ सालचं असलं, तरी त्याचा गट १८६७च्या आधीचा असेल तर ते जुन्यांतच मोजलं जातं. रेघ गटाची आहे, झाडाच्या वयाची नाही.

हा खरंच तो गुलाब आहे, की नुसता खुंट?

सगळ्यात आधी हे तपासा, कारण इथे भलेभले फसतात. बाजारातला बहुतेक गुलाब डोळा भरलेला असतो, म्हणजे एका गुलाबाचा डोळा (फांदीवरचा अंकुर) दुसऱ्याच्या खोडात बसवलेला. खाली एका जोमदार जंगली किंवा अर्धजंगली गुलाबाचा खुंट आणि वर हवं ते वाण. काळजी घेणारं कुणी उरलं नाही की वरचं वाण मरतं, खुंट धुमारे सोडतो आणि काही वर्षांत तोच झाड होऊन बसतो.

अमेरिकेत अशा खुंटांत 'डॉक्टर ह्यूई' हा गुलाब फार भेटतो. गडद किरमिजी, अर्धवट भरलेली फुलं, मधे पिवळे पुंकेसर, लांब वाकणाऱ्या फांद्या आणि वर्षातून एकच बहर. इतरत्र खुंटासाठी मल्टिफ्लोरा हा जंगली गुलाब वापरतात. तो ओळखायचा तर पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथलं उपपर्ण बघा. मल्टिफ्लोरात त्याच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते. फुलं लहान, पांढरी, झुबक्यात.

मी स्वतः एका गडद लाल "हरवलेल्या" गुलाबाच्या काड्या दोन वर्षं जपल्या. त्यांना प्रेमाने खतं घातली, पाहुण्यांना दाखवल्या. तिसऱ्या वर्षी एका जाणत्या बाईंनी लांबूनच बघितलं आणि विचारलं, "हा खुंट एवढ्या थाटात का ठेवलाय?" तेव्हापासून मी आधी बुंध्याशी गुडघे टेकतो. माती हाताने बाजूला करायची आणि जोडाची गाठ शोधायची. गाठीच्या वरून फांद्या निघत असतील तर ते भरलेलं वाण. गाठीच्या खालून सगळं निघत असेल तर बहुधा खुंट. गाठच नसेल तर झाड स्वतःच्या मुळांवर आहे, आणि जुन्या गुलाबाच्या बाबतीत ही आनंदाची बातमी.

परवानगी, आणि फावडं घरी ठेवा

जागा कुणाची आहे ते शोधा आणि विचारा. बहुतेक माणसं आनंदाने हो म्हणतात, वर त्या झाडाची गोष्टही सांगतात: कुणी लावलं, कुठून आणलं, घरात त्याला काय म्हणत. ती गोष्ट तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढे ओळख पटवताना तिचा उपयोग होतो.

झाड मुळासकट उपटून नेऊ नका. इतकी वर्षं एका जागी रुजलेला गुलाब हलवला की बऱ्याचदा मरतो, आणि मग जगात तो कुठेच उरत नाही. जागा उद्याच साफ होणार असेल तरच उपटा, आणि तेव्हाही आधी काड्या काढून मग.

काड्या घेण्याआधी झाडाची प्रकृती बघा. पानांवर पिवळ्या नागमोडी रेघा किंवा जाळी दिसली तर मोझॅक विषाणूची शंका घ्या. तो मुख्यतः डोळा भरताना आणि कलम करताना पसरतो, म्हणून अशा झाडाच्या काड्या वेगळ्या ठेवा. बुंध्याशी खडबडीत गाठोडी असतील तर तो जिवाणूजन्य गाठ रोग. एखाद्या फांदीला झाडूसारखा लालसर फुटवा आणि वाजवीपेक्षा कितीतरी जास्त मऊ काटे आले असतील, तर अमेरिकेत तरी ते रोझ रोझेट या विषाणूचं लक्षण धरतात. शेवटच्या दोन्ही प्रकारांत एकही काडी घरी आणू नका.

नोंद: फूल सगळेच काढतात, तुम्ही पाठ काढा

फोटो काढताना माणूस उमललेल्या फुलाकडेच जातो. ओळख पटवणाऱ्याला मात्र बाकीचं सगळं लागतं: बंद कळी, अर्धी उमललेली, पूर्ण, आणि वाळायला लागलेली, फुलाची पाठ, देठावर लव आहे की चिकट ग्रंथी, काटे सरळ की आकडीसारखे, सगळे एकसारखे की लहानमोठे, पान वरून आणि खालून, एका पानाला किती पर्णिका, आणि हंगामाच्या शेवटी फळ. शेजारी मोजपट्टी ठेवा. रंग सावलीत टिपा, उन्हात लाल आणि जांभळा दोन्ही खोटे दिसतात.

कळीखालची पाच हिरवी निदलं तर भिंग घेऊनच बघा. बऱ्याच जुन्या युरोपीय गुलाबांत ही पाचही सारखी नसतात. दोघांच्या दोन्ही कडांना दाढीसारखे फाटे असतात, दोन साफ गुळगुळीत, आणि पाचव्याला एकाच कडेला दाढी. यावर युरोपात एक जुनं लॅटिन कोडंच आहे: पाच भाऊ, दोघे दाढीवाले, दोघे बिनदाढीचे, आणि पाचव्याची दाढी अर्धीच. कारण साधं आहे. कळीत निदलं एकमेकांवर चढलेली असतात; जी कड उघडी राहते तिला फाटे फुटतात, झाकलेली कड गुळगुळीत राहते. चायना गटातल्या गुलाबांची निदलं बहुधा साधी असतात. एवढ्या एका खुणेवरून निकाल देऊ नका, पण ती वहीत हवीच.

काडी कधी आणि कशी घ्यायची

गुलाबाच्या बिया लावून तोच गुलाब मिळत नाही, प्रत्येक बी वेगळं झाड देतं. वाण टिकवायचं तर झाडाचाच तुकडा जगवावा लागतो.

उत्तम वेळ म्हणजे बहर ओसरल्यावरची. ज्या फांदीवरचं फूल नुकतंच गळलंय ती निवडा. फार कोवळी कुजते, फार जून रुसते. पारख काट्यावर करा: काटा अंगठ्याने बाजूला ढकलला आणि टचकन साफ तुटला तर लाकूड तयार. लवत असेल तर कोवळं, आणि साल सोलून निघत असेल तरीही थांबा.

पेन्सिलीएवढी किंवा जरा बारीक, १५ ते २० सेंटिमीटर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी घ्या. बारीक फांद्यांच्या चायना गुलाबाला पेन्सिलीचा नियम लावू नका, तिथे काडी काडीसारखीच असते. दहा-बारा तरी घ्या, आणि एकाच फांदीवरून नको. सिकेटर (छाटणीची कात्री) आधी स्पिरिटने पुसून घ्या. प्रत्येक काडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी सावलीत. गाडीच्या काचेजवळ ठेवलेली पिशवी अर्ध्या तासात शिजते. त्याच दिवशी लावणं जमणार नसेल तर एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चालतात. पाण्याच्या ग्लासात चार दिवस उभ्या करून ठेवू नका.

घरी आल्यावर खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, आडवा. वरचा काप डोळ्याच्या जरा वर, तिरका. म्हणजे उलटी लावायची भीतीही नाही. वरची दोन पानं ठेवा, बाकी काढा. ठेवलेली पानं मोठी असतील तर प्रत्येकाच्या टोकाच्या पर्णिका कापून अर्धी करा. खालच्या दोन सेंटिमीटरमध्ये एका बाजूची साल हलकेच खरवडा आणि मुळ्या फुटायची पावडर लावा. त्यात आयबीए नावाचं संप्रेरक असतं, १००० ते ३००० पीपीएमची पुरते. जास्त लावली म्हणून जास्त मुळ्या येत नाहीत, उलट टोक काळं पडतं.

माध्यम हलकं हवं: जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, किंवा कोकोपीट आणि परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे हलके खडे). शेणखत, कंपोस्ट, बागेतली माती यातलं काहीही नको, कारण काडीला या टप्प्यावर अन्न लागत नाही. लागतो ओलावा आणि हवा. आधी पेन्सिलीने भोक पाडा आणि मग काडी ठेवा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. दोन डोळे मातीत, दोन वर.

माझी आवडती युक्ती पारदर्शक पेल्याची. पेल्याच्या तळाला भोकं पाडायची, त्यात काडी लावायची, आणि तो पेला एका काळ्या पेल्यात उतरवायचा. मुळ्यांना अंधार मिळतो आणि आपल्याला आतला पेला उचलून बघता येतं. नाहीतर हात राहवत नाही, माणूस काडी हलवून "लागली का" बघतो आणि जेमतेम फुटलेली मुळी तोडतो.

वर तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला. झाकण पहिला आठवडा घट्ट, मग थोडं थोडं उघडं. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. बाटलीखाली ऊन पडलं तर भट्टीच होते. २० ते २५ अंश तापमान काडीला मानवतं. माती पिळलेल्या फडक्याइतकी ओली असावी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वर पालवी फुटली की हुरळून जाऊ नका. काडी आपल्या साठवणीवर पानं काढते, मुळं असोत नसोत. कित्येक काड्या अशा हिरव्यागार होऊन महिन्याने माना टाकतात. खालच्या कापावर आधी पांढरा फुगवटा येतो, मग त्यातून मुळ्या. चार ते आठ आठवडे धरा. पेल्याच्या भिंतीला मुळ्या टेकलेल्या दिसल्या की मगच मोठ्या कुंडीत हलवा, आणि त्यानंतरही आठवडाभर बाटली काढायची-घालायची करत हवेची सवय लावा.

जिथे थंडीत गुलाबाची पानं गळतात, तिथे आणखी सोपा मार्ग आहे. पानगळीनंतर २०-२५ सेंटिमीटरच्या जून काड्या बाहेर चरात, दोन-तृतीयांश मातीत गाडून ठेवायच्या. त्यांना झाकण नको, पावडरही लागत नाही. फक्त वर्षभर त्या जागेला हात लावायचा नाही, आणि बहुतेकांचं इथेच फिसकटतं.

काडी लागतच नाही तेव्हा

चायना, टी आणि नॉइझेट गटातले गुलाब काडीने सहज लागतात. गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया हे हट्टी. त्यात बाराच्या बारा काड्या काळ्या पडल्या तर हात खराब समजू नका.

गॅलिका स्वतःच्या मुळांवर असेल तर आजूबाजूला धुमारे सोडतो. मुळांसकट एक धुमारा झाड झोपेत असताना कुदळीने तोडून घ्या, काम झालं. लवचिक फांदी असेल तर दाब कलम करा: फांदी जमिनीकडे वाकवा, खालच्या बाजूने तिरकी चीर द्या, चिरेत आगकाडीचा तुकडा अडकवून १० सेंटिमीटर खोल पुरा आणि वर दगड ठेवा. सहा महिने ते वर्ष लागतं. फांदी ताठ असेल तर गुटी कलम. दोन-तीन सेंटिमीटर साल गोल काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लॅस्टिक.

डोळा भरणं हा शेवटचा उपाय. एका काडीतून चार-पाच झाडं मिळतात, त्यामुळे हाती एकच काडी असेल तेव्हा तोच शहाणपणाचा. पण खुंट निरोगी आहे याची खात्री हवी. रोगट खुंटावर भरला तर शंभर वर्षं स्वच्छ राहिलेल्या वाणात तुम्हीच विषाणू घातला असं होतं. आणि भरलेल्या झाडाला पुढे स्वतःच्या मुळांवर आणायचा प्रयत्न करत राहा.

स्वतःच्या मुळांचं महत्त्व बघायचं तर जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलचा गुलाब बघा. तो रानगुलाब आहे, बागेतलं वाण नव्हे. मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल पडलं, गुलाब जळाला, आणि ढिगाऱ्याखालच्या मुळांतून त्याच वर्षी पुन्हा फुटला. तो जर भरलेला असता, तर राखेतून खुंट वर आला असता.

पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षीच्या कळ्या खुडा. जीवावर येतं, पण खुडा. एखादी ठेवा खात्रीसाठी. खत अगदी कमी, छाटणी नाही. वर्षातून एकदाच फुलणारे जुने गुलाब आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात, त्यामुळे त्यांना हायब्रीड टीसारखं हंगामाआधी बुडापर्यंत छाटलं की त्या वर्षी फूलच नाही. कित्येक जुने गुलाब "वांझ" म्हणून काढून टाकले जातात ते या छाटणीमुळे. छाटायचंच तर बहर संपल्यावर.

आता नाव

दोन हंगाम गेले की तुमच्याकडे खरा पुरावा असतो. पहिला प्रश्न, वर्षातून किती वेळा फुलतो? एकदाच फुलत असेल तर गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस आणि बहुतेक डमास्ककडे बघा. पुन्हा पुन्हा फुलत असेल तर बहुधा कुठेतरी चायना रक्त आहे. ऑटम डमास्क हा ठळक अपवाद, चायना गुलाब युरोपात पोचायच्या आधीपासून तो दुसऱ्यांदा फुलत आलाय.

मग गट. राखट हिरवी पानं आणि पांढरं किंवा फिकट गुलाबी फूल असेल तर आल्बा. खरखरीत पान, बारीक कुसळांसारखे काटे, ताठ देठ आणि जांभळ्याकडे झुकणारा रंग म्हणजे गॅलिका. कळीवर शेवाळासारखी लव, चोळली की राळेचा वास, तर मॉस. बारीक फांद्या, टोकदार गुळगुळीत पर्णिका, मोजके काटे ही चायनाची चण. तांबूस पालवी आणि मान टाकलेलं जड फूल असेल तर टी. झुबक्यात येणारी फिकट फुलं नॉइझेटकडे नेतात. तो गट दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये मस्क गुलाब आणि चायना यांच्या संकरातून सुरू झाला. बूर्बों गटाचं नाव आज ज्याला रेयुनियों म्हणतात त्या बेटावरून पडलं. चायना आणि ऑटम डमास्क यांची ती संतती.

काही खुणा थेट तारीख सांगतात. हायब्रीड टीसारखं फूल आणि त्यात धमक पिवळा किंवा नारिंगी रंग असेल तर वाण १९००च्या आधीचं नाही, कारण तो रंग फ्रान्समधले गुलाब पैदासकार पेर्ने-द्युशे यांच्या 'सोलेय द'ओर' या वाणातून त्या घराण्यात शिरला. म्हणून "आजेसासूबाईंच्या लग्नातला, १८८०चा" असं कुणी नारिंगी गुलाबाबद्दल सांगितलं तर हसून मान डोलवा आणि वहीत प्रश्नचिन्ह काढा.

ताडून पाहायला जिवंत झाड लागतं. जर्मनीतल्या झांगरहाउझेनच्या गुलाबबागेत, जी १९०३ सालची आहे, ८०००हून जास्त वाणं आहेत. पॅरिसजवळच्या लाय गावातली बाग ज्यूल ग्राव्हरो यांनी १८९९मध्ये उभी केली. अशा संग्रहांकडे फोटो पाठवता येतात. डीएनए तपासणीने दोन नमुने एकच वाण आहेत का हे बऱ्यापैकी कळतं. पण तुलनेला खात्रीचा नमुना नसेल तर ती मुकी राहते. शिवाय एकाच फांदीवर उत्परिवर्तन होऊन निघालेली वाणं तिला सहसा वेगळी दिसत नाहीत. 'सुव्हनीर द ला मालमेझों' हा १८४३चा खच्चून भरलेला गुलाब आणि त्यातूनच निघालेला, मोजक्या पाकळ्यांचा 'सुव्हनीर द सेंट ॲन्स' बघून कुणी एक म्हणणार नाही, पण रक्त तेच.

नाव नाही मिळालं तर कामचलाऊ नाव द्या, जागेचं किंवा जपणाऱ्या माणसाचं, आणि ते अवतरणचिन्हात लिहा म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. बर्म्युडा बेटावर असे कितीतरी गुलाब 'स्मिथ्स पॅरिश', 'ट्रिनिटी', 'एमी ग्रे' या नावांनी वाढतात. त्यांना तिथे सरळ "गूढ गुलाब" म्हणतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. साधारण जुळतंय म्हणून एखादं भारदस्त फ्रेंच नाव चिकटवणं मात्र नको. चुकीचं नाव एकदा रोपवाटिकेच्या यादीत गेलं की ते काढणं खुंट उपटण्याहून अवघड.

वाटून टाका

वाटण्याआधी एक खात्री: हा अलीकडचा, पेटंट असलेला गुलाब नाही ना? अमेरिकेत वनस्पतीला मिळालेलं पहिलं पेटंट गुलाबाचंच, १९३१मध्ये 'न्यू डॉन'ला. पण पेटंटची मुदत साधारण वीस वर्षांची असते, जुन्या वाणांना ती भीती नाही.

लुइझियानातल्या पेगी मार्टिन यांच्या बागेत एक बिनकाट्याचा गुलाबी वेल होता. २००३ साली टेक्सासचे उद्यानतज्ज्ञ विल्यम वेल्च यांनी त्याच्या काड्या नेल्या. २००५मध्ये कतरिना वादळात ती बाग जवळपास दोन आठवडे खाऱ्या पाण्याखाली राहिली. गुलाब वाचला, पण तो वाचला नसता तरी टेक्सासात तो वाढत होताच. मूळ नाव सापडलेलं नाही. तो आज 'पेगी मार्टिन' म्हणूनच असंख्य बागांमध्ये फुलतो.

तुमच्या पहिल्या बारा काड्यांतल्या चार जगल्या तर दोन ठेवा आणि दोन द्या, त्याही वेगवेगळ्या गावी. कुंडीसोबत चिठ्ठी द्या: कामचलाऊ नाव, कुठे सापडला, कुणी सांगितलं, काडी कधी घेतली. चिठ्ठी कागदाची नको. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहा, शाईपेक्षा ती जास्त टिकते. पट्टी फांदीला तारेने आवळू नका, फांदी जाड झाली की तार सालीत रुतते. ती बुंध्याशेजारी मातीत खोचा, आणि त्याच जागेची नोंद वहीतही करा, कारण पट्ट्या गोगलगायींपेक्षा पटकन हरवतात.